जोखमीच्या रकान्यात आई

बसल्या जागी पाय हलवण्याची सवय मला शाळेपासून आहे. विचार वेगाने चालू लागला की उजवा गुडघा आपोआप हलू लागतो. अ‍ॅमस्टेलव्हीन या डच शहरातल्या त्या घरी जेवणाच्या टेबलाचा एक पाय किंचित आखूड होता, त्यामुळे माझ्या गुडघ्याबरोबर टेबलावरचे पेलेही हलत. मग स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येई, "पाय हलवू नकोस गं. बरं नसतं ते." मी पाय थांबवत असे. दोन मिनिटांनी तो पुन्हा सुरू होत असे.

काकू माझ्या नात्याच्या नव्हेत. पुण्याहून शिकायला आले त्या वर्षी मला खोली मिळेना. ओळखीतल्या ओळखीतून मी त्यांच्याकडे आठवडाभरासाठी म्हणून गेले आणि सहा महिने राहिले. पुढे पदवी झाली, आर्नहेममध्ये नोकरी लागली, पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्रांवर मी काम करू लागले, तरी दर शनिवारी दीड-दोन तासांचा प्रवास करून मी त्या घरी जात राहिले. कारण सांगायला त्यांच्या मुलीचे रसायनशास्त्र होते. खरे कारण काकूंच्या हातचे जेवण होते, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. मुलगी सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षात. तिला मराठी सगळे कळे, पण उत्तर ती इंग्रजीत देई आणि चिडली की डचमध्ये. मला मात्र ताई म्हणे.

शिकवताना माझा एक नियम होता. नुसत्या उत्तराला गुण नाहीत, पायऱ्या दाखवायच्या. रीत चुकली आणि उत्तर योगायोगाने बरोबर आले, तर शून्य.

"शाळेत अर्धे तरी देतात," ती कुरकुरे.

"मी शाळा नाही."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही आम्लांची गणिते सोडवत होतो. काका बॅडमिंटनला गेले होते. काकू कढीपत्ता आणायला खाली उतरल्या. दार लागल्याचा आवाज झाला, तिने पेन खाली ठेवले आणि एका दमात सांगितले की ती गरोदर आहे.

आमचे बोलणे इंग्रजीत झाले. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. माझ्या तोंडून निघालेले पहिले वाक्य कोणत्याही भाषेत तितकेच वाईट आहे. मी विचारले, "शेवटच्या पाळीची तारीख?"

तिने तारीख सांगितली. मी मनात हिशेब केला: सात आठवडे. चाचणी केलीस का, असे विचारल्यावर ती म्हणाली, तीनदा, तीन वेगवेगळ्या दुकानांतून आणून. एका निष्कर्षावर न थांबता तिने प्रयोग तीनदा केला, याबद्दल मी तिला शाबासकी दिली. खरोखर दिली. तिने माझ्याकडे पाहिले, आणि बहुधा तेव्हाच तिला कळले असावे की माणूस म्हणून माझा फारसा उपयोग होणार नाही, पण कामे मात्र होतील.

मुलगा तिच्या हॉकी क्लबातला. दोघांचे महिनाभर आधीच बिनसले होते. तिने त्याला कळवले होते, आणि त्याने त्याच संध्याकाळी आपल्या आईला सांगून टाकले होते.

"जेवताना," ती म्हणाली. "बटाटे खाता खाता. त्याच्या आईनं मला मेसेज केला, की आमच्याकडं कधीही ये."

"आणि तू घरी सांगितलंस?"

"वेडी आहेस का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "आधी ठरव. मग सांग."

हे मी तत्त्व म्हणून बोलले, कारण माझे सारे परदेशातले आयुष्य याच तत्त्वावर चाललेले आहे. माझा पहिला व्हिसा अर्ज परत आला, तेव्हा आईला तो मंजूर झाल्यावर सांगितले. माझी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा टाके काढल्यावर. तिला उगाच टेन्शन नको, असे आम्ही सगळेच इथे म्हणतो. फोनवर रोज बोलणाऱ्या माझ्या सगळ्या मराठी मैत्रिणी रोज काही ना काही लपवतात आणि त्याला काळजी घेणे म्हणतात. मी आईला नेहमी निकाल सांगत आले, प्रयोग कधीच नाही.

काकू परतल्या. जेवायला भरीत होते. मुलीने ताट पुढे सारले. "यात कोथिंबीर आहे?"

"गेल्या महिन्यापर्यंत वरून मागून घेत होतीस," काकू म्हणाल्या. "परीक्षा जवळ आली की हिची नाटकं सुरू." आणि मग माझ्या पानात दुसरी भाकरी टाकत, "तूच समजाव बाई हिला. तुझं ऐकते ती."

मी भाकरी खाल्ली. माझा गुडघा हलत होता.

रविवारी मी तक्ता तयार केला. ते करण्यात मला जे समाधान मिळाले, ते आज आठवले की अवघडल्यासारखे होते. अकरा ओळी: शिक्षण, प्रकृती, राहण्याची जागा, मुलाचे सहकार्य, पुढची पाच वर्षे, असे करत करत. प्रत्येक ओळीला महत्त्वाप्रमाणे एक आकडा. दोन पर्यायांना दोन रकाने: गर्भ ठेवणे, न ठेवणे. शेवटी एक रकाना जोखमींचा. सगळ्या ओळींची बेरीज केली, तेव्हा न ठेवण्याचे पारडे स्पष्टपणे जड निघाले. मी आकडे थोडे इकडेतिकडे करून पाहिले. उत्तर बदलले नाही. एखादे गणित भक्कम निघाले की येतो तो थंड आनंद मला झाला, आणि मी तक्ता तिला पाठवून दिला.

तिचे उत्तर आले, "ओके ताई. तू म्हणशील तसं."

मी ते संमती म्हणून वाचले.

पुढच्या गोष्टी मी झपाट्याने उरकल्या. इथे काहीही झाले तरी आधी आपल्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, जावे लागते. तिची डच माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. ती याच देशात बोलायला शिकली आणि मी संध्याकाळच्या वर्गात. तरी दवाखान्यात फोन मी केला. मंगळवारी अर्धी रजा काढून तिच्याबरोबर आतही मीच गेले. हाच डॉक्टर काकूंचाही, म्हणून ती घाबरली होती. सोळा वर्षांच्या पुढे आम्ही घरी काही कळवत नाही, असे त्याने आपणहून सांगितले. मग त्याने तिला विचारले की तिच्या मनात काय आहे. मी माझ्या अडखळत्या डचमध्ये उत्तर दिले की निर्णय जवळपास झालेला आहे. डॉक्टरने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि एका सल्ला केंद्राचा पत्ता लिहून दिला. तिथे तरुण गरोदर मुलींशी आणि लहान वयाच्या आईबापांशी बोलायला माणसे असतात, पैसे पडत नाहीत, कुणी कोणत्याही बाजूला ढकलत नाही. "घाई नाही," तो म्हणाला. "अजून वेळ आहे."

मला घाई होती. सल्ला केंद्राची भेट मिळाली ती थेट पुढच्या आठवड्यातल्या बुधवारची, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी कंपनीत मुलाखत होती. गटप्रमुखाच्या जागेसाठी तीन उमेदवार होते आणि त्यात मी सर्वांत लहान. मधल्या शनिवारी मी पुन्हा त्या टेबलापाशी बसले, पुन्हा काकूंनी वाढलेले जेवले. त्या दिवशी त्यांनी खास माझ्यासाठी अळूवड्या केल्या होत्या. मुलगी आत जाऊन झोपली होती. "अभ्यासानं थकते," काकू म्हणाल्या. मी म्हणाले, "हो." आठवा आठवडा चालू होता. परतीच्या गाडीत मी मुलाखतीचे सादरीकरण उघडले आणि आर्नहेम येईपर्यंत पहिल्याच पानावर राहिले.

सल्ला केंद्र एका वस्तीतल्या सार्वजनिक इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते. खाली म्हातारी माणसे पत्ते खेळत होती. वर एक बैठकीची जागा, कोपऱ्यात खेळणी, भिंतीवर सूचना: मंगळवारी तरुण आयांची न्याहारी, गुरुवारी घर शोधण्याची मदत, बाळाचे जुने कपडे इथे ठेवा. मी तक्त्याची छापील प्रत फाइलमध्ये घालून आणली होती. चाळीस मिनिटे पुरतील, असा माझा अंदाज होता.

समुपदेशक बाई साठीच्या जवळपास, उंच, पायात चिखल लागलेले बूट. तिने कॉफी दिली आणि मुलीला विचारले, "कशी झोप लागते?"

"ठीक लागते," मी म्हणाले.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आणि त्या मुलाच्या घरी," मी म्हणाले.

"तुला कशाची सर्वांत जास्त भीती वाटते?"

मी फाइल उघडली. बाईंनी आपला हात त्या फाइलवर ठेवला, हलकेच, पण उचलला नाही.

"तुम्ही फार चांगली उत्तरं देता," ती मला म्हणाली. "ती मला मिळाली. आता मला हिची हवीत. तुम्ही बाहेर बसाल का?"

हे असे समोरासमोर, हसतमुखाने सांगायची इथली पद्धत आहे; सहा वर्षांत मला तिची सवय झाली होती असे मला वाटत होते. मी मुलीकडे पाहिले. ती 'थांब' म्हणेल, याची मी वाट पाहिली. तिने कॉफीच्या कपात पाहिले.

बाहेर एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी जमिनीवर बसून अर्ज भरत होती. बाजूला तिचे बाळ चमचा आपटत होते. मी बसले, उठले, सूचना पुन्हा वाचल्या, बसले. तिने वर पाहिले.

"आई का तू तिची?"

"नाही! मी एकोणतीस वर्षांची आहे."

"मग बहीण?"

"शिक्षिका. रसायनशास्त्र शिकवते."

"चुकीचा विषय शिकवलास," ती म्हणाली. "जीवशास्त्र शिकवायला हवं होतं."

मला हसू आले नाही. तिला आले, आणि तिचे बघून बाळही हसले. मग तिला अर्जाची झेरॉक्स काढायची होती म्हणून तिने बाळ न विचारता माझ्या मांडीवर ठेवले. परत आली तेव्हा बाळाने माझी फाइल ओढून तक्ता खाली पाडला होता. तिने तो उचलला आणि वाचू लागली. तक्ता इंग्रजीत होता. तिला व्यवस्थित कळत होता.

"हे आकडे कुणी दिले?"

"मी."

"तिनं एकही नाही?"

"तिला पाठवला होता. ती हो म्हणाली."

"हं. मी पण हो म्हणायचे. सतरा वर्षांची असताना मी सगळ्यांना हो म्हणत होते, म्हणून तर." तिने बाळाच्या तोंडातून चमचा काढला. मग जोखमीच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे मी सर्वांत वर एकच शब्द लिहिला होता: आई. "हिची आई मारते का?"

"नाही. छे."

"घराबाहेर काढेल?"

मी काकूंचा विचार केला. आठवड्यासाठी आलेल्या अनोळखी मुलीला सहा महिने ठेवून घेणाऱ्या काकूंचा. "नाही," मी म्हणाले.

"मग ती इथं का आहे?"

कारण ती रडली असती. कारण तिला आधी कळले असते, तर निर्णयात गोंधळ झाला असता. कारण माझ्या आयुष्यात आई ही नेहमी शेवटी कळवायची व्यक्ती होती. यांतले एकही कारण मला डचमध्ये सांगता आले नाही. मराठीतही आले नसते. मी बाळ तिला परत दिले.

चाळीस मिनिटांचा दीड तास झाला. मुलगी बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि चाल मात्र मोकळी होती. बसथांब्यावर वारा इतका होता की आम्हाला एकमेकींकडे तोंड करून उभे राहावे लागले.

"काय ठरलं?" मी विचारले.

"काही नाही ठरलं. मला अजून माहीत नाही."

"पण तक्त्यात…"

"ताई, प्लीज." ती थांबली. "तिनं विचारलं की हे कुणाला सांगावंसं वाटतं. मी म्हटलं आईला. मग मला रडूच आवरेना. तू माझ्या आईला रिस्क लिहिलंस, ताई. मी ते वाचलं आणि मला वाटलं, तुला तिच्याबद्दल काहीतरी माहीत असेल, जे मला माहीत नाही."

बस आली. चढताना ती म्हणाली, "शनिवारी सांगणारे. तू ये. पण बोलायचं नाही."

गुरुवारची मुलाखत बरी झाली की वाईट, ते मला कळले नाही. अनिश्चित परिस्थितीत निर्णय कसा घेता, असे त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर तयार होते आणि मी ते दिले. देताना ते दुसऱ्याच कुणाचे तरी ऐकू येत होते.

शनिवारी काका घरी नव्हते. काकू पोळ्या लाटत होत्या. मुलगी ओट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि मी टेबलापाशी, दोन्ही हात मांडीखाली दाबून, बसले. तिने मराठीत सुरुवात केली. तिला शब्द सापडत नव्हते, अर्धे वाक्य इंग्रजीत जात होते आणि ती पुन्हा मागे येऊन ते मराठीत ओढत होती. ती मराठीत का बोलते आहे, ते मला कळले नाही. काकूंना मात्र ती काय सांगते आहे ते पहिल्याच वाक्यात कळले. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. मग शेगडी बंद केली.

"किती?" त्यांनी विचारले.

माझे तोंड उघडले. मुलीने वळून पाहिले. मी ते मिटले.

"नऊ," ती म्हणाली. "नऊ आठवडे."

"तरी म्हटलं, कोथिंबीर कशी सुटली हिची." काकू स्टुलावर बसल्या. लाटणे त्यांच्या हातातच होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुला माहीत होतं."

"काकू, मी…"

"कधीपासून?"

"दोन आठवडे."

"दोन शनिवार माझ्या हातचं जेवलीस तू. अळूवड्या खाल्ल्यास. मी तुला म्हटलं, समजाव हिला. म्हटलं, अभ्यासानं थकते. आणि तू 'हो' म्हणालीस." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकणे अधिक अवघड होते. "माझी पोर आत उलट्या काढत होती आणि मी बाहेर तुला आग्रह करत होते."

"मीच तिला सांगितलं होतं सांगू नको म्हणून," मुलगी म्हणाली. ते पूर्ण खरे नव्हते. सांगू नको ही शिफारस माझी होती.

"तू गप्प बस. तुझ्याशी नंतर बोलते." पण बोलल्या त्या तिच्याशीच, आणि लगेच. "सकाळी काही पोटात ठरतं का?"

"बिस्किट."

"नुसतं बिस्किट." त्यांनी लाटणे खाली ठेवले. "काय करायचंय तुला?"

"मला माहीत नाही, आई. सल्ला केंद्रातल्या एका बाईंशी बोलतेय."

"बरं." त्यांनी पदर नसताना पदराने पुसावे तसे ओढणीने तोंड पुसले. "नसेल माहीत. त्या बाईंकडं पुन्हा कधी जायचंय?"

"बुधवारी."

"मी येते. बाबांना मी सांगेन, ते माझ्यावर सोड." आणि मग माझ्याकडे न पाहता, "तू नको येऊस."

त्या दिवशी मी न जेवता निघाले. आर्नहेमला उतरेपर्यंत भूक लागल्याचे मला कळले नव्हते.

पुढचे तीन आठवडे मी अतिशय कार्यक्षम होते. अहवाल मुदतीआधी दिले, प्रयोगशाळेतले कपाट आवरले, सायकलची साखळी बदलली. फोन दर दहा मिनिटांनी पाहत होते. एका संध्याकाळी, मुलाखतीचा निकाल लागलेला नसताना, मी आईला फोन करून सांगितले की मी एका जागेसाठी अर्ज केला आहे आणि ती बहुधा मिळणार नाही.

"मग आता?" तिने विचारले.

"आता काही नाही. वाट बघायची."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली, आणि मग अर्धा तास तिने मला तिच्या गुडघ्याबद्दल सांगितले. तो वर्षभर दुखत होता, आणि ही गोष्ट तिने मला टेन्शन नको म्हणून सांगितली नव्हती.

मुलीचा मेसेज त्यानंतर आला. तिने गर्भ ठेवला नव्हता. आई सोबत होती, बाबा गाडीत बसून राहिले होते, समुपदेशक बाईंकडे ती अजून काही वेळा जाणार होती. खाली तिने लिहिले होते, "उत्तर तुझ्या तक्त्यातलंच आलं. पण तुला शून्य. नियम तुझाच आहे."

मी उत्तरादाखल तीन परिच्छेद लिहिले, ते पुसले, आणि "मान्य" एवढेच पाठवले. जागा मला मिळाली नाही, हे दुसऱ्या दिवशी कळले. आईला त्याच संध्याकाळी सांगितले.

एप्रिलमध्ये काकूंचा मेसेज आला. "परीक्षा जवळ आली आहे. शनिवारी ये शिकवायला." जेवायला, हा शब्द त्यात नव्हता, मी तो शोधला. त्या शनिवारी मी सुपरमार्केटमधून चीजचे सँडविच घेतले आणि त्यांच्या घरासमोरच्या बसथांब्यावर उभ्याने खाऊन मग वर गेले.

दार मुलीने उघडले. ती बारीक झाली होती. केस कापले होते. आम्ही टेबलापाशी बसलो. मी एक गणित दिले. तिने सोडवायला घेतले, तिसऱ्या पायरीवर अडली, पेन चावत बसली. चूक मला दिसत होती. एका शब्दात सांगण्यासारखी होती. मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. स्वयंपाकघरात फोडणीचा वास सुटला होता, भांडी वाजत होती, आणि कुणी आमच्याशी बोलत नव्हते. मुलीने पायरी खोडली, वर गेली, खाली आली. मी तोंड मिटून बसले होते. टेबलावरचे पेले किणकिणू लागले होते, हे माझ्या लक्षातही आले नाही.

"पाय हलवू नकोस गं," आतून काकूंचा आवाज आला. "किती वेळा सांगायचं तुला."